टीव्हीला उलट उत्तर देणारी अक्का

अक्का टीव्हीला उलट उत्तर द्यायची. मनातल्या मनात नाही, पुटपुटतही नाही. ताट हातात धरून, उभ्याने, चारचौघींत. आमच्या मेसच्या भिंतीवर उंच एक टीव्ही टांगलेला होता. संध्याकाळच्या जेवणाला त्याच्यावर बातम्या लागलेल्या असायच्या आणि निवडणुकीचे दिवस असले की निवेदक घसा ताणून विचारायचा, "काय आहे मराठवाड्याच्या मतदारांच्या मनात?" बाकीच्या पोरी मुकाट्याने भाकरी मोडत असायच्या. अक्का मान वर करून म्हणायची, "या की इचारायला. आमी काय पळून चाललोय का?" निवेदक अर्थातच पुढच्या प्रश्नाकडे गेलेला असायचा. अक्का त्याचा पिच्छा सोडायची नाही. "आं? आता का गप झालास?" मग मेसच्या काकू आतून ओरडायच्या, "अक्का, त्याला राहू दे बाई, तुझी भाजी गार व्हायलीय."

ती माझी रूममेट. धाराशिवला विद्यापीठाच्या उपकेंद्रात ती एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, राज्यशास्त्र घेऊन, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, रसायनशास्त्र घेऊन. मधे तिचं शिक्षण थांबलं होतं, घरच्या रानात राबून ती परत शिकायला आली होती, त्यामुळे वर्गात सगळ्यांत थोरली. म्हणून अक्का. हे नाव असं चिकटलं की हजेरी घेताना एकदा सरच "अक्का" म्हणून गेले आणि मग त्यांनी उगीचच चष्मा पुसला. तिचं खरं नाव आम्हाला परीक्षेच्या वेळी बाकावर चिकटवलेल्या कागदावर दिसायचं, तेवढंच.

धाराशिव डोंगराच्या माथ्यावर वसलेलं, त्यामुळे तिथली थंडी जरा आगाऊच. आमच्या घरमालकांनी गिझर बसवला नव्हता. दोन खोल्यांत मिळून पाणी तापवायचा एकच रॉड होता. तो बादलीत सोडायचा आणि आपली पाळी येईपर्यंत गोधडीत पडून राहायचं, असा आमचा नियम. अक्का सगळ्यांच्या आधी उठायची, रॉड लावायची आणि बादलीशेजारी पाट घेऊन मोबाइलवर बातम्या वाचत बसायची. वाचताना तिला कशाचं भान राहायचं नाही. तिच्या बादलीतलं पाणी नेहमी चहापत्ती टाकण्याइतकं उकळलेलं. मग थंड पाणी आणायला माझी धावपळ, कारण आंघोळीला उशीर झाला की मागची पोरगी दार ठोकायची. मी चिडायचे. ती म्हणायची, "अगं, बातमीच तसली होती." बातमी कसली, तर कुठल्याशा उमेदवाराने कुठल्याशा गावात बैलगाडीतून मिरवणूक काढली. "बैलं कुणाची होती ते लिहिलं न्हाय बघ ह्यानं," हे तिचं दुःख.

सुट्टीच्या दिवशी आम्ही गच्चीवर उन्हाला बसायचो. केस वाळवायचे, तिच्या घरून आलेल्या तुरीच्या शेंगा मिठात उकडून सोलत बसायचं आणि अभ्यासिकेतून मागून आणलेली आदल्या दिवशीची वर्तमानपत्रं पसरायची. अक्का मथळे वाचायचीच नाही. तिची नजर बातमीच्या पोटात शिरायची. "कुणाला इचारलं?" हा तिचा पहिला प्रश्न. मतदारसंघाचा कौल सांगणारी लांबलचक बातमी असली की ती बोट फिरवत फिरवत शोधायची आणि मग विजयी स्वरात वाचून दाखवायची: "'पारावर बसलेल्या ग्रामस्थांनी सांगितले.' घे! दुपारच्याला पारावर कोण बसतंय सांग मला. ज्याला रानात काम न्हाय त्यो. आन् त्याचं मत म्हंजी जिल्ह्याचं मत. माझी माय तवा तुरीत वाकलेली असती. तिला इचारायचं तर बांध चढून जावं लागतंय."

"दुपारचा पार" हा मग आमच्या खोलीतला शब्दच झाला. उपकेंद्रातला एखादा मुलगा सगळ्यांच्या वतीने बोलायला लागला, की आम्ही एकमेकींकडे बघून म्हणायचो, दुपारचा पार. खोलीवर भेटायला आलेल्या माझ्या मामांनी एकदा आजकालच्या पोरींवर व्याख्यान दिलं, तेव्हा अक्काने अत्यंत आदराने त्यांना पाणी दिलं, चहा दिला, "तुमी म्हणता ते खरंय मामा" म्हणाली आणि ते जिना उतरल्यावर मला हळूच म्हणाली, "पार गेला का गं?"

तिला खरा संताप यायचा तो एकाच गोष्टीचा. एका संध्याकाळी टीव्हीवर जिल्ह्याचा नकाशा दाखवत होते. पडद्यावर रंगाचे ठिपके, आणि निवेदक काठीने दाखवत होता: हा समाज इकडे, तो समाज तिकडे, बौद्ध मतं एकगठ्ठा अमुक ठिकाणी. अक्काचं घर बौद्ध. बेंबळीला उतरून आत चालत जावं लागतं अशा लहानशा गावात त्यांचं थोडं रान होतं. त्या दिवशी तिने निवेदकाला उत्तर दिलं नाही. ताट खाली ठेवलं आणि आम्हालाच म्हणाली, "माझी माय कुणाला मत देती ते माझ्या बाबांना अजून कळलं न्हाय. लगीन झाल्यापासून इचारतेत ते. ती म्हणती, तुमी तुमचं बगा. आन् ह्याला मुंबईत बसून कळलं? कडब्याच्या पेंढ्या बांधतेत तसं बांधतेत आमाला." काकूंनी आतून येऊन टीव्ही बंद केला. मग अक्काच म्हणाली, "लावा की, पुढचं ऐकायचंय मला," आणि सगळ्या हसल्या.

माझी थट्टा करायला तर तिला निमित्तच लागायचं नाही. मी तेरखेड्याची. आमच्याकडे घरोघरी फटाक्यांचं काम, आणि मी शिकते रसायनशास्त्र. तेव्हा लोकांनी जे हसायचं ते हसून घेतलेलंच होतं. अक्काने त्यात राजकारण आणलं. ती मैत्रिणींना माझी ओळख करून द्यायची ती अशी: "निकाल कुणाचाबी लागू दे, हिचं गाव जिंकतंय. जिंकलेला माळ लावतो, आन् हरलेला पुढच्या खेपंसाठी आत्ताच सांगून ठेवतो." मी रागावल्यासारखं करायचे. पण घरापासून लांब, हाडांत शिरणाऱ्या थंडीत, कुणीतरी आपल्या गावाचं नाव घेऊन आपल्याला चिडवतंय हे मला फार आवडायचं. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

त्याच हिवाळ्यात एका मोठ्या वाहिनीचे एक बातमीदार आमच्या उपकेंद्रात आले. त्यांना निवडणुकीपुरता एखादा इथलाच विद्यार्थी हवा होता, रस्ते माहीत असणारा, गावात कुणाला गाठायचं ते सांगणारा. सरांनी अक्काकडे बोट दाखवलं. बातमीदार तरुण होते, वागायला चांगले होते, अंगात खिशांचं जाकीट. आपसांत आम्ही त्यांना 'साहेब' म्हणायचो. साहेबांनी अक्काला सरळच सांगितलं की वाहिनीला जिल्ह्यासाठी कायमचा प्रतिनिधी हवा आहे, हे काम नीट झालं तर तिचं नाव ते पुढे पाठवतील.

अक्काला एखादी गोष्ट इतकी हवी असलेली मी कधी पाहिली नव्हती. एरवी एम.ए. झालं की पुण्याला एखाद्या कंपनीत चिकटायचं, असं तिच्या घरी ठरल्यात जमा होतं. आता ती रोज गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांसमोर उभी राहायची, हातात कंगवा माइकसारखा धरायची आणि म्हणायची, "धाराशिवहून मी..." पुढे स्वतःचं खरं नाव आलं की तिला हसू फुटायचं, आणि परत पहिल्यापासून. मी साबणाची डबी डोळ्याला लावून कॅमेरामन व्हायचे. माझा निळा स्वेटर तिने याच कामासाठी नेला तो नेलाच. एकदा मी विचारलं, "अक्का, तुला टीव्हीत दिसायचंय एवढं?" ती म्हणाली, "दिसायचं न्हाय गं. इचारायचंय. मी इचारलं तर माय सांगंल. दुसऱ्या कुणाला न्हाय सांगायची." मला ते एकदम पटलं. आणि तिला ते काम मिळावं, असं मला माझ्या परीक्षेहून जास्त वाटायला लागलं.

मग येळवस आली. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारतात, पूजा करतात आणि ताकातली आंबील, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं पोट फुटेस्तोवर जेवतात. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावून नेतो. त्या दिवशी शहरात दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अक्काच्या घरी कोपीतली पूजा नसायची. "आमी बुद्धाची माणसं, पूजा न्हाय," ती म्हणायची, "पर आंबिल सुटत न्हाय." शेजारच्या रानातलं ताट यांच्याकडे यायचं, यांचं त्यांच्याकडे जायचं. त्या वर्षी तिने मला जेवायला नेलं.

आता झालं असं, की दोन दिवस आधी साहेबांचा फोन आला होता. परवा तुमच्या गावाकडे यायचं म्हणतोय, लोक भेटतील ना? अक्का खुशीत म्हणाली, "परवा? परवा तर सगळं गाव एका जागी भेटंल सर, या तुमी." मी समोरच बसले होते. मलाही त्यात काही खटकलं नाही. आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही, की ज्याला येळवस ठाऊक नाही असा माणूस या जगात असू शकतो. दिवाळी आहे, बरं का, असं कुणी कुणाला फोनवर सांगतं का? साहेब मुंबईचे.

रानात त्या दिवशी काय थाट होता! ज्वारी कमरेला लागलेली, हरभरा घाट्याला आलेला, आणि जिकडे बघावं तिकडे बांधाबांधावर माणसं. अक्काच्या आईने, म्हणजे मावशींनी, माझ्या पुढ्यात आंबिलीचा तांब्या ठेवला आणि तो रिकामा होऊच दिला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगत होत्या, "आमची टीव्हीत लागणाराय." बाबा नुसतेच मान हलवत होते. अक्का लाजून "माय, गप की" म्हणत होती आणि वाटेकडे डोळे लावून होती. साहेबांना दुपारपर्यंत पोचायचं होतं.

ते पोचले होते, पण गावात. पलीकडच्या रानातून कुणीतरी मोबाइल उंचावून ओरडलं, "ए, टीव्ही लावा! आपण बहिष्कार टाकलाय म्हणं!" मी फोन काढला. पडद्यावर अक्काचंच गाव होतं. कुलपं लावलेली घरं, रिकामा पार, पाराच्या सावलीत झोपलेलं एक कुत्रं. आणि साहेब गंभीर चेहऱ्याने सांगत होते, "गावात भयाण शांतता आहे. एकही माणूस बोलायला समोर येत नाही." खाली तांबडी पट्टी पळत होती: नाराज गावाचा मतदानावर बहिष्कार? आधी सगळं रान हसलं. कुत्र्याच्या मालकाला लोक म्हणाले, "तुझ्या खंड्याला तरी बोलायला लावायचं." मी पण हसले. अक्का तेवढी हसली नाही. तिच्या लक्षात आलं होतं, की हे तिच्या फोनमुळे झालंय.

तिने लगेच साहेबांना फोन लावला. "सर, गाव रुसलं न्हाय, जेवायला गेलंय. देवळामागनं गाडीवाट लागती, तसं सरळ या." साहेब आले. गाडी बांधाशी थांबली, ते उतरले, आणि समोर पसरलेलं सगळं गाव बघून बिचारे उभेच राहिले. मावशींनी त्यांना ओढून पंगतीला बसवलं. "आधी जेवा, मंग इचारा काय इचारायचं ते." साहेबांनी दोन उंडे खाल्ले, आंबील प्याले, आणि त्यांचा चेहरा जरा माणसासारखा झाला. "हे मला आधी कुणी सांगायला नको?" ते म्हणाले. अक्का म्हणाली, "चुकलंच माझं."

एवढ्यात स्टुडिओतून फोन. साहेब बाजूला गेले, बोलून परत आले आणि अक्काला कोपीमागे घेऊन गेले. मी मागेमागे गेले. ते हलक्या आवाजात समजावत होते. बातमी चालली आहे, त्यावर चर्चा बसवली आहे, चार पाहुणे बोलावलेत. आता काही नाही म्हणून कसं सांगणार? त्यांना एक गावकरी हवा आहे. "तू बोल. नाराजी आहे एवढंच म्हण. आता येताना मी रस्ता बघितला ना? हाडं खिळखिळी झाली माझी. म्हणजे नाराजी आहेच. खोटं थोडंच बोलायचंय तुला?" मग म्हणाले, "तुझं नाव मी पुढच्याच आठवड्यात पाठवतो."

अक्काने वाकून हरभऱ्याचा एक डहाळा उपटला आणि त्याचे घाटे तोडत उभी राहिली. खाल्ला एकही नाही. रस्ता खराब होताच. तिनेच मला येताना दाखवला होता. पंगतीतून मावशी टाचा उंचावून इकडे बघत होत्या, लेक टीव्हीत कधी लागते म्हणून. मला वाटलं, अक्का, म्हणून टाक, एवढ्याने काय होतंय. तोंडावर आलं होतं माझ्या. तिने डहाळा टाकला, हात ओढणीला पुसले आणि म्हणाली, "द्या माइक."

निवेदकाने विचारलं, "तुमच्या गावानं एवढं टोकाचं पाऊल का उचललं?" मी माझ्या फोनवर बघत होते, सगळं रान आपापल्या फोनवर बघत होतं. अक्का सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "गावानं बहिष्कार टाकला न्हाय. आज येळवस हाय. गाव रानात हाय, हे बगा मागं बसलंय. रस्ता वाईट हाय, ते खरंय, त्याचं काय करायचं ते आमी मतदानादिवशी बघू. तुमाला आमच्या मनातलं पायजे ना, तर या हितं आन् ह्या बायांना..." पडद्यावरून अक्का गेली. निवेदक म्हणाला, "तांत्रिक कारणामुळे आपला संपर्क तुटला आहे." अक्का तशीच माइक धरून बोलत होती. साहेबांनी हळूच तो तिच्या हातातून काढून घेतला. मावशींनी विचारलं, "झालं व्हय?" मी म्हणाले, "झालं, मावशी." त्या खुश होत्या. "चांगली दिसत व्हती," म्हणाल्या. आजूबाजूच्या रानातल्या बायांनी मात्र आपापले फोन बंद केले होते. पोरगी बोलत होती आणि मधेच तोडली, हे त्यांनी सगळ्यांनी पाहिलं होतं.

साहेब भज्जीचा डबा घेऊन गेले. तांबडी पट्टी संध्याकाळपर्यंत पळत राहिली. त्यांचा फोन पुढे आला नाही. वाहिनीला दुसरं कुणीतरी मिळालं, असं सरांनी महिनाभराने सांगितलं. अक्का "असू दे सर" म्हणाली. रडली वगैरे नाही. पण त्यानंतर ती मेसमध्ये टीव्हीकडे पाठ करून बसायला लागली. निवेदक विचारायचा, काय आहे मतदारांच्या मनात, आणि मेसमधली प्रत्येक पोरगी अक्काकडे बघायची. ती भाकरी चुरत बसायची. काकू मुद्दाम आवाज मोठा करायच्या, तरी नाही. तो उरलेला हिवाळा मला फार जड गेला. निकालाच्या दिवशी आमच्या गावचे फटाके सगळ्या शहरात वाजत होते, आणि अक्काने मला एका शब्दाने चिडवलं नाही.

परीक्षा झाल्या आणि ती पुण्याला गेली. एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं काम. तिला बसस्टँडवर पोचवायला मी गेले होते. गाडी लागल्यावर ती म्हणाली, "आता पगार घेऊन उत्तरं देणार बघ मी." हसली, म्हणून मीही हसले. स्वेटर परत करायला विसरली. मी मागितला नाही. खोलीवर आले तर पाण्याचा रॉड, गच्ची, शेंगांची टरफलं, सगळं होतं तसंच होतं आणि मला तिथे बसवेना.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा निवडणूक लागली. आमच्याकडे एक झाली की दुसरी असतेच. साहेब पुन्हा त्या भागात आले. यावेळी मात्र शहाणे होऊन आले होते. पारावर न थांबता थेट रानात गेले, बांध चढून. मावशी आणि गावातल्या बाया हरभऱ्यात खुरपत होत्या. साहेबांनी माइक पुढे केला, तर एकीनेही मान वर केली नाही. ते दुसऱ्या रानात गेले, तिथेही तेच. शेवटी परत पहिल्या रानात आले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुमी जेवायला या, कवाबी या. पर बोलायचं न्हाय आमाला. तुमी मधीच तोडता." आणि बाकीच्या म्हणाल्या, "आमची पोरगी इचारंल तर सांगू." हे सगळं मला नंतर साहेबांनीच सांगितलं. त्यांनी अक्काचा नंबर जपून ठेवला होता. बांधावर उभं राहून त्यांनी तो लावला. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही, पण साहेब स्टुडिओशी बराच वेळ भांडले, एवढं कळलं. अक्का दोन दिवसांची रजा काढून आली. ती रजा पुढे कधी संपलीच नाही, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं?

मला कुणी काही कळवलं नव्हतं. मी संध्याकाळी मेसमध्ये ताट घेऊन बसले होते. टीव्हीवर दुपारच्या उन्हातलं हरभऱ्याचं रान आलं, वाकलेल्या बाया आल्या, आणि मधोमध मावशी, डोक्यावर पदर, हातात खुरपं. कडेला फक्त माइक धरलेला हात दिसत होता, निळ्या बाहीतला. काकू, काकू, म्हणून मी ओरडले. काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

पडद्याबाहेरून आवाज आला, एकदम शुद्ध आणि अवघडलेला: "मावशी, या निवडणुकीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

मावशींनी वर बघितलं. "मला मावशी म्हणायलीस व्हय? आन् तुमाला?" सगळं रान हसलं, सगळी मेस हसली. मावशी काही हसल्या नाहीत. त्यांनी माइकच्या वर, जिथे लेकीचा चेहरा असणार तिथे, निरखून बघितलं. "तोंड का सुकलंय तुझं? सकाळी जेवून निघालीस का न्हाय?"

निळ्या बाहीतला हात जरा खाली गेला. मला वाटलं, आता तोडणार. काकूंनी माझा खांदा घट्ट धरला होता. मग अक्का, आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणाली, "जेवले माय. तू बोल. आज कुणी मधी तोडत न्हाय."

मावशींनी खुरपं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि त्या बोलायला लागल्या.